हिल्केचं पित्त

हिल्के ओल्टमन्सचं पित्त बिघडलंय, हे आमच्या गल्लीत पोस्टमनपासून पाद्रीबाईंपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. वाढदिवसाचा केक पुढे आला की कोणीतरी आधीच ओरडायचं, "हिल्केला नको हं, तिला सोसत नाही!" चहात साय पडायच्या आत तिचा कप बाजूला व्हायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाई कसल्यातरी कडू पाल्याचा काढा घेऊन यायच्या आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन होईस्तोवर समोरून हलायच्या नाहीत. तिचा भाऊ एन्नो तर एकदा भर कामाच्या दिवशी तिला गाडीत घालून ओल्डेनबुर्गच्या तज्ज्ञाकडे घेऊन गेला. दोन तास बिचारा बाहेर टोपी हातात धरून बसला होता. आत डॉक्टरनं तिच्या पोटावर यंत्र फिरवलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं पित्ताशय विशीतल्या मुलीला शोभेल असं आहे." बाहेर येऊन हिल्केनं भावाला सांगितलं, "जपून राहा म्हणाले." परतताना एन्नोनं प्रत्येक वळणावर गाडी हळू घेतली, बहिणीच्या पोटाला हिसका बसू नये म्हणून. त्या दिवशी हिल्केला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कारण पित्तबित्त काही नव्हतं. सगळी थाप होती, आणि ती सहा वर्षं चालली होती.

हिल्केचं वय एकसष्ट. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. बावीस वर्षं तिनं एन्नोच्या डुकरांच्या शेडमध्ये काम केलं. माद्या व्यायच्या त्या भागाची सगळी जबाबदारी तिची. एका मादीला चौदा-पंधरा पिल्लं होतात, त्यांतली दोन-तीन मरतुकडी असतात. ती वाढत नाहीत, दुधाला पुरत नाहीत, शेडला परवडत नाहीत. मग त्यांचं काय करायचं? मागचे पाय धरायचे आणि डोकं सिमेंटवर आपटायचं. एकदाच, पण जोरात. मग बादलीत टाकायचं आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जायचं. दर मंगळवारचं हे काम हिल्केचं. "हिल्केचा हात पक्का आहे," असं एन्नो चारचौघांत कौतुकानं सांगायचा, आणि मेली हिल्केही ते ऐकून खूश व्हायची. एखादीला तुझी भाकरी छान होते म्हटल्यावर ती खुलते ना, अगदी तशी.

मार्चमधल्या एका सकाळी ती शेड धुऊन बादली उचलायला गेली. आत सात पिल्लं होती. सगळ्यांत खालचं एक तासाभरानंतरही जिवंत होतं. वरच्या मेलेल्यांमधून नाक वर काढून ते तोंड उघडत होतं, मिटत होतं. दूध शोधत होतं ते. ज्या हातानं आपटलं त्याच हाताचं बोट हिल्केनं पुढे केलं, आणि पिल्लानं ते तोंडात धरून चोखायला सुरुवात केली.

शी! शी! सांगतानाही नको होतं. तिनं बोट काढलं, बादली तिथंच ठेवली, बूट तिथंच काढले आणि मोजे घातलेल्या पायांनी चिखलातून घरी आली. संध्याकाळी एन्नोचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "पोटात कळ आली रे. पित्त असेल." बस, तेवढंच. त्या वेळी तोंडाला आलं ते बोलली, आणि मग तेच तिच्या गळ्यात पडलं.

त्यानंतर ती शेडमध्ये गेली नाही. जवळच्या रोपवाटिकेत तिनं काम धरलं. हळूहळू तिच्या ताटातलं एकेक नाहीसं झालं. आधी मांस गेलं, मग दूध, मग अंडी, मग मधसुद्धा. चामड्याचे बूट तिनं चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकले. हे तब्येतीसाठी नव्हतं, फॅशनही नव्हती. तिचं साधं म्हणणं होतं, पण ते कोणी ऐकलेलं नव्हतं, कारण तिनं ते कुणाला सांगितलंच नव्हतं. जे मारायला माझा हात धजत नाही ते मी खाणार नाही, आणि माझ्या वाट्याचं मारायला दुसऱ्या कुणाला पुढे करणार नाही. रोपांना पाणी घालताना ती हे मनातल्या मनात अगदी ठणकावून बोलायची. एन्नोला, त्याच्या बायकोला, अख्ख्या गल्लीला ऐकवायची. आणि रविवारी एन्नोच्या टेबलाशी बसली की, "मला सायीशिवाय चहा चालेल गं, पित्त आहे ना."

भीती होती ती एन्नोचीच. हिल्केला या जगात एन्नो आणि त्याच्या बायकोशिवाय कोण होतं? मागच्या वर्षी बाजारात दोन मुली पत्रकं वाटत होत्या, पिंजऱ्यातल्या डुकरांचे फोटो असलेली. एन्नोनं पत्रक चुरगळून त्या मुलीच्याच पिशवीत कोंबलं आणि मागे वळून हिल्केला म्हणाला, "ही असली माणसं! माझ्या आजोबांपासून आम्ही खुनी ठरतो यांच्या लेखी. माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देणार नाही मी एकालाही." हिल्के मान डोलावत उभी राहिली. तिच्या पिशवीत तेच पत्रक घडी करून ठेवलेलं होतं.

आता आमच्याकडे फेब्रुवारीत केलची, म्हणजे कोबीच्या जातीतल्या एका कुरळ्या पाल्याची, सहल असते. सगळी गल्ली गोळा होते, हातगाडीवर बाटल्या ठेवतात, प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेला छोटा पेला असतो, आणि शेताशेतातून दोन-तीन तास चालत, रस्त्यावर लाकडी गोळा फेकायचा खेळ खेळत, दर वळणावर एकेक पेला रिचवत मंडळी खानावळीत पोचतात. तिथं केल. म्हणायला पालेभाजी! पण ती तासन् तास डुकराच्या चरबीत शिजवतात, वर जवाच्या आणि चरबीच्या धुरकट सॉसेजी, खारवलेल्या मांसाचे जाड काप आणि बेकन. गरम असताना एक वेळ ठीक. थंड व्हायला लागलं की कडेनं पांढरा थर धरतो, आणि त्या थरात पानं अडकून बसतात. हिल्के लहानपणी तो थर बोटानं काढून चाटायची. आता नुसतं बघून तिच्या घशाशी यायचं.

पण ती दरवर्षी जायची. कारण आन्त्ये. ही एन्नोची बायको, बोलायला कमी, कामाला वाघ. नणंदेच्या पित्तासाठी ती दरवर्षी घरून वेगळ्या भांड्यात केल शिजवून आणायची, फडक्यात बांधून, हातगाडीवर बाटल्यांच्या शेजारी. "हे हिल्केचं, कुणी हात लावायचा नाही." हिल्के ते भांडं चाटूनपुसून खायची, दोनदा वाढून घ्यायची. आन्त्येच्या हाताला चव होती. घरी तेलात केलेल्या केलला ती चव का येत नाही, याचं हिल्केला नेहमी कोडं पडायचं.

यंदाही तसंच झालं. थंडी कडक होती, मंडळी खानावळीत पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खिडक्यांवर वाफ धरलेली, जॅकेटांचा ओला वास आणि त्यावर शिजलेल्या डुकराचा वास. हिल्केनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली. समोर डिर्क बसला होता, गल्लीतला विनोदवीर आणि गेल्या सालचा केलराजा. त्याच्या हनुवटीवरून चरबी ओघळत होती आणि तो तशीच राहू देत होता, जोक सांगून होईस्तोवर.

राजा निवडण्याची आमची रीत साधी आहे. जो सगळ्यांत जास्त हाणतो तो राजा. त्याच्या गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड घालतात. मग जुना राजा आपल्या काट्यावर सॉसेजचा तुकडा लावून नव्या राजाला भरवतो, सगळे टाळ्या पिटतात, आणि पुढच्या वर्षीची सहल नव्या राजाच्या डोक्यावर.

डिर्क खुर्चीवर चढला. "मंडळी! यंदा मोठाच पेच पडला. एन्नोनं चार सॉसेजी हाणल्या, मीही चार. मग आम्ही ठरवलं, यंदा उलटं करू. जिनं सहा वर्षांत एक सॉसेज हाणली नाही, जिच्या पित्तानं आपल्या सगळ्यांच्या वाटणीचं सोसलं..."

"हिल्के! हिल्के!" सगळं टेबल काट्यांनी दणाणलं.

"अरे, नको रे," हिल्के म्हणाली. "माझी थट्टा नका करू."

"थट्टा कसली? राणीसाहेब! आणि हाडही कोरं आहे बरं का. जुन्या हाडाचे दात पडले होते, म्हणून एन्नोनं खास आपल्या शेडमधल्या मादीचं काढून दिलंय."

आणि डिर्कनं ते तिच्या गळ्यात घातलं सुद्धा. उकळून काढलेलं हाड होतं, पण नीट साफ झालेलं नव्हतं. दोन बाजू जिथं जुळतात तिथं एक पिवळट, बुळबुळीत काहीतरी चिकटून राहिलं होतं आणि ते तिच्या स्वेटरला लागलं. दात पुढून झिजलेले होते. पिंजऱ्याचे गज चावून चावून माद्यांचे दात असे झिजतात, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कदाचित या मादीला तिनंच कधीतरी खाणं घातलं असेल. वास वर आला, उकळलेल्या हाडांचा असतो तसा गोडसर, ओला. समोर डिर्कचा काटा. काट्यावर सॉसेजचा तुकडा, त्यातून चरबी टेबलावर टपकत होती.

"एक घास, राणीसाहेब! एका घासानं काही पित्त उसळत नाही."

"घे गं हिल्के," एन्नो हसत म्हणाला. "रीत आहे."

तिनं गळ्यातलं हाड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मला पित्त नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मला पित्त नाही. कधीच नव्हतं. मी खात नाही, कारण मला ते चूक वाटतं. मांस, दूध, अंडी, सगळंच. मी ठरवून सोडलंय." एकदा तोंड उघडल्यावर मग ते थांबेना. तिनं बादलीचं सांगितलं. तासाभरानं तोंड उघडणाऱ्या पिल्लाचं सांगितलं, बोट चोखल्याचं सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या भरल्या तोंडांसमोर. "बावीस वर्षं मी ते केलं. मला कुणी खुनी म्हटलं नाही, उलट हात पक्का म्हणून शाबासकी दिली. मला आता किळस येते. तुमची नाही. या ताटाची येते, आणि माझी स्वतःची येते."

कुणीतरी फसकन हसलं.

"गाजराला जीव नसतो वाटतं?"

"माझ्या कुरणात ये चरायला, गवत छान आहे यंदा!"

"अगं, जेवताना काय हे घाणेरडं बोलणं!" ही डिर्कची बायको. घाणेरडं केलेलं चालतं, बोललेलं चालत नाही. वा रे वा! तिच्या काट्यावर तेव्हाही बेकन होतं.

हिल्के फक्त एन्नोकडे बघत होती. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "मी तुला ओल्डेनबुर्गला नेलं होतं," तो म्हणाला. "दोन तास बाहेर बसलो होतो. मला वाटलं, कॅन्सर निघतो की काय."

"चुकलंच माझं, एन्नो."

"त्या बाजारातल्या पोरींसारखीच तू. माझ्याच टेबलावर बसून, माझाच चहा पिऊन..." त्यानं आपलं ताट पुढे ढकललं.

तेवढ्यात आन्त्ये म्हणाली, "आणि माझं भांडं?"

"कुठलं भांडं?" डिर्कनं विचारलं.

आन्त्येनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "हिल्के, त्यात चरबी असते. दोन चमचे. आणि खारवलेलं मांस उकडलेलं पाणी. तू म्हणाली होतीस, डॉक्टरांनी जड कमी करायला सांगितलंय. कमी म्हणालीस, बंद नाही म्हणालीस. मी गाळून घालायची गं, तुकडा येऊ नये म्हणून. त्याशिवाय केलला चव कशी येणार?"

हिल्केपुढे रिकामं भांडं होतं. आत्ताच तिनं ते पावानं पुसून घेतलं होतं. जिभेवर ती चव अजून होती, टाळूला तेलकटपणा होता. सहा वर्षं. दरवर्षी दोनदा वाढून घेतलं होतं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. डिर्क हसायला लागला, पण कुणी साथ दिली नाही म्हणून थांबला. ती उठली आणि मागच्या दारानं अंगणात गेली.

भिंतीला हात टेकून ती वाकली. काही बाहेर आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. आत गेलं ते आता आपलंच झालं होतं, अंगात मुरलं होतं, आणि दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. एक वाक्य बोलली असती तर आन्त्येनं मुकाट्यानं तेलात केलं असतं. किळस आता डिर्कच्या हनुवटीची नव्हती, त्या हाडाचीही नव्हती. स्वतःच्या गोड गोड बोलण्याची होती.

मागून आन्त्ये आली. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मला माफ कर," हिल्के म्हणाली. "तुझी काय चूक. मीच सांगायला हवं होतं."

"हो," आन्त्ये म्हणाली. "सांगायला हवं होतंस." ती जायला वळली नाही. हात अॅप्रनला पुसल्यासारखे स्वेटरला पुसत उभी राहिली. हात ओले नव्हते. "तू गेल्यापासून शेडमधलं ते पिल्लांचं काम कोण करतं, कधी विचारलंस?"

हिल्केनं मान वर केली. सहा वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. मनातल्या त्या सगळ्या ठणकावून केलेल्या भाषणांमध्येसुद्धा हा प्रश्न एकदाही आला नव्हता.

"एन्नो?"

"एन्नोला जमत नाही. त्याला कधीच जमलं नाही, म्हणून तर तू होतीस. पहिल्या मंगळवारी तो पिल्लू हातात धरून उभाच राहिला, मग माझ्याकडे बघायला लागला. काय करणार? मी घेतलं." आन्त्ये हे अगदी कोरड्या आवाजात सांगत होती. "पहिलं नीट जमलं नाही. दुसऱ्यांदा करावं लागलं. घरी येऊन मी हात धुतले, पुन्हा धुतले, त्याच हातांनी कणीक मळली आणि एन्नोला वाढलं. म्हटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. हिल्के आजारी आहे, बरी झाली की येईल. तुझ्यासाठी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, ठाऊक आहे? तुझ्यावर माया आहे म्हणून लावायची, पण अर्धी माझ्याचसाठी होती ती. सहा वर्षं मी तू बरी व्हायची वाट बघतेय."

"आन्त्ये..."

"तुला किळस आली आणि तू उठून गेलीस. मलाही येत होती. पण मला वाटलं, ही असली किळस माझी एकटीचीच आहे, माझ्यातच काहीतरी कमी आहे. तू एकदा बोलली असतीस ना, तर मीही नाही म्हणाले असते की गं."

हिल्केनं ग्लास खाली ठेवला. ती म्हणाली, "या मंगळवारी जाऊ नकोस."

"मग कोण जाईल?"

एन्नो मागच्या दारात येऊन उभा राहिला होता. दोघींचे कोट त्याच्या हातात होते, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. आन्त्येनं त्याच्याकडे पाहिलं, हिल्केनंही पाहिलं. त्यानं दोघींची नजर चुकवली, कोट दाराजवळच्या बाकावर ठेवले आणि आत निघून गेला.